तारीख निघून गेली, ताई

सुमनताई, आज रविवार. कॉलेज बंद, आणि तरी मी सकाळपासून दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा निघताना घरी सांगितलं की खिडक्या उघड्या राहिल्या असतील. दुसऱ्यांदा काहीच सांगितलं नाही. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, तुमच्या तीन नंबरच्या वर्गाच्या दाराशी जाऊन परत फिरलो. आत गेलो नाही. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि मला एका जागी बसता येत नाही. हे लिहितानाही मधेच उठतो, पाणी पितो, परत येतो.

गेल्या आठवड्यात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणून मीच बोललो. जे बोललो ते सगळं खरं होतं, आणि त्यातलं मला काहीच म्हणायचं नव्हतं. "ज्ञानदानाचं व्रत" असंही काहीतरी म्हणून गेलो. तुम्ही पुढच्या रांगेत असता तर पदर तोंडाला लावून हसला असता. असले शब्द पोरींनी निबंधात लिहिले की तुम्ही त्याखाली लाल रेघ मारायचात आणि विचारायचात, "म्हणजे काय केलं बाईनं? ते लिही."

तर तुम्ही काय केलंत आणि मी काय केलं, ते लिहितो.

आपलं कॉलेज कापूस बाजाराच्या मागं, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सुरू झालं. पहिली दोन वर्षं फक्त बी.ए. होतं. इतिहास, राज्यशास्त्र, आणि दुसरी भाषा म्हणून तेलुगू किंवा मराठी. मग बी.कॉम. आलं. मग विज्ञान आलं आणि त्याच्याबरोबर मी आलो, इचोड्याच्या हायवेवरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, वनस्पतीशास्त्राचा. तुमच्या माझ्या वर्गामध्ये एक पत्र्याची भिंत होती. मी पानाच्या शिरा समजावून सांगायचो आणि पलीकडून तुमचे काकतीय राजे घोड्यांवरून यायचे. माझ्या पोरांनी पेपरात पानाच्या जागी काकतीय राणी रुद्रमादेवी लिहिली नाही एवढंच. एकदा मी चिडून पत्र्यावर थाप मारली. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. "सर, तुमची झाडं झोपली का? माझ्या आवाजानं उठली तर उठू द्या की." माझा सगळा वर्ग हसला. तेव्हा मला तुमचा रागच आला होता. आमची ओळख अशी झाली असं मी लोकांना हसत सांगायचो, आता सांगवत नाही.

शेडमध्ये कापसाचे पुंजके उडायचे. तासाला तुमच्या केसांत दोन-चार अडकलेले असायचे आणि तुम्हाला पत्ता नसायचा. एका वाक्यात तेलुगू, दुसऱ्यात मराठी, मधे मागच्या बाकावरच्यांसाठी हिंदी. "अर्थमय्यिंदा? समजलं का? समझे?" हे तिन्ही विचारल्याशिवाय तुम्ही फळा पुसत नव्हता. परीक्षा इंग्रजीत आणि पोरी घरी बोलणार मराठी, गोंडी, तेलुगू. मी म्हणायचो, "ताई, तीनदा सांगण्यात पोर्शन मागं पडतो." तुम्ही म्हणायचात, "पोर्शन पुढं जाते आणि पोट्टी मागंच राह्यते, त्याचं काय?" या भांडणाला वीस वर्षं झाली. ते अजून चालूच आहे. तुमच्या बाजूनं आता मलाच बोलावं लागतं.

जैनथ भागातल्या त्या नदीकाठच्या गावातून पैनगंगा ओलांडून पलीकडच्या मराठी मुलखात शिकायला जाणारी पहिली मुलगी तुम्ही. हे तुम्ही स्वतः कधी सांगितलं नाही, दाजींनी सांगितलं. म्हणून तर दरवर्षी उन्हाळ्यात प्रवेशाचे फॉर्म घेऊन तुम्ही गावोगाव फिरायचात. आम्ही बाकीचे पांप्लेट वाटून मोकळे व्हायचो. तुम्ही घरात जाऊन, चुलीपाशी बसून, आधी पोरीच्या आईशी बोलायचात. बाप बाहेर ताटकळत बसलेला असायचा. आई हो म्हणाली की मगच त्याच्याकडं वळायचात. "माझी पोरगी समजून पाठवा. सकाळच्या बसनं येईल, संध्याकाळच्या बसनं मी चढवून देईन." आणि खरंच संध्याकाळी तुम्ही बसस्टँडवर उभ्या असायचात. जैनथची बस हलेपर्यंत तुम्ही दाजींकडं घरी जायला निघत नव्हता.

आणि तुमचा तो गावाचा इतिहास. अभ्यासक्रमात नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक पोरीनं आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून चार पानं लिहायची आणि वर्गात वाचून दाखवायची. कोणाच्या गावाची विहीर कोणी खणली, कोणत्या साली निजामाचा गिरदावर जमिनी मोजायला आला, कोणाची जमीन कोणाच्या नावावर कशी चढली. इंद्रवेल्लीची एक गोंड मुलगी होती, आजीला विचारून लिहून आली होती. एक्क्याऐंशी साली तिथं पोलिसांनी गोंडांवर गोळीबार केला त्या दिवशी आजी बाजाराला निघाली होती आणि वाटेतून परत फिरली, एवढंच त्या चार पानांत होतं. का परत फिरली, मागं काय ऐकू आलं, आणि त्यानंतर ती कित्येक वर्षं त्या बाजाराला गेली नाही. मी त्या वेळी योगायोगानं दारात होतो. वाचून झालं. मग तुम्ही तिला विचारलंत, "आजी आता जाते का बाजाराला?" ती म्हणाली, "जाते, मॅडम. माझ्यासंग जाते." तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या मुलीला उभं केलंत.

त्या दिवशी मी माझ्या खोलीत जाऊन बराच वेळ काहीच काम केलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुमचा तास हा त्या कॉलेजातला सगळ्यात खरा तास होता, हे मी प्राचार्य झाल्यावर वार्षिक अहवालात तरी लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "इतिहास विभागानं विविध उपक्रम राबवले."

आता मुद्द्यावर येतो. मी मुद्दा टाळतोय हे तुम्हाला केव्हाच कळलं असेल.

आपण नव्या इमारतीत आलो, कॉम्प्युटरचा कोर्स आला, आणि बी.ए.कडं येणारी पोरं कमी होत गेली. मागच्या एप्रिलमध्ये संस्थेच्या बैठकीत ठरलं की इतिहास-मराठीचा पहिल्या वर्षाचा वर्ग यंदापासून घ्यायचा नाही. चालू असलेली दोन वर्षं संपवायची आणि बंद. नव्या पांप्लेटमधून मराठीतला मजकूरही गेला होता. बैठक संपल्यावर तुम्ही माझ्या खोलीत आलात. बसला नाहीत.

"सर, किती पोरी असल्या तर वर्ग चालन?"

"ताई, ठरलंय ते."

"किती?"

मी म्हटलं, "पंधरा."

"मे संपेपर्यंत पंधरा आणते. आणल्या तर वर्ग चालवायचा. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आणि खरंच मनापासून म्हटलं. त्या क्षणी तुम्हाला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. अडचण अशी आहे ताई, की मला पुढच्या क्षणी दुसऱ्याला नाही म्हणणंही शक्य नसतं.

हे शुक्रवारी झालं. सोमवारी सकाळी अध्यक्षांचा फोन आला. "सर, विद्यापीठाचं पत्र काऊन रोकून ठेवलं? आजच्या आज पाठवा. बाईच्या नादी लागू नका." मी वर्ग बंद केल्याचं पत्र काढलं, सही केली, ऑफिसातल्या नरसय्याला जावक नंबर टाकायला सांगितलं. दहा मिनिटांत झालं. मंगळवारी सकाळच्या बसनं तुम्ही जैनथला निघालात. जाताना ऑफिसात डोकावलात आणि म्हणालात, "निघते, सर." मी म्हटलं, "ऊन आहे, जपून."

ऊन आहे, जपून. एवढंच म्हटलं मी.

तुम्ही वीस-बावीस दिवस फिरलात. बसनं, ऑटोनं, काही गावांना चालत. मला रोज वाटायचं, आज फोन करून सांगू. रोज वाटायचं, बाई पंधरा कुठून आणणार, सात-आठ मिळतील, मग प्रश्नच येणार नाही. मी मनातल्या मनात तुम्ही हराव्यात म्हणून वाट पाहत होतो. हे वाक्य लिहिताना मी तीनदा उठलो.

तुम्ही सतरा आणल्यात.

माझ्या टेबलावर सतरा फॉर्म ठेवलेत. चेहरा उन्हानं काळवंडलेला, ओठ फाटलेले. वरच्या फॉर्मवर अर्चना नावाच्या मुलीचा फोटो होता. मी त्या फोटोकडं पाहत म्हटलं, "तारीख निघून गेली, ताई. विद्यापीठानं मधेच पत्र मागितलं. तुम्ही बाहेर होतात."

तुम्ही उभ्या राहिलात. मला वाटलं तुम्ही भांडाल, आणि मी त्याची तयारी करून ठेवली होती. तुम्ही नुसत्या माझ्याकडं पाहत होतात. खूप वेळ. मग विचारलंत, "काहीच नाही का होऊ शकत?"

"नाही."

"बरं," म्हणालात आणि फॉर्म उचललेत.

ताई, जूनअखेरपर्यंत ते पत्र मागं घेता येत होतं. एक ओळ लिहायची होती. मला माहीत होतं.

नंतर तुम्ही त्या सगळ्या गावांना परत गेलात. फोनवर कळवता आलं असतं, पण तुम्ही प्रत्येक घरी गेलात आणि यंदा होत नाही म्हणून स्वतः सांगितलंत. काही पोरी सरकारी कॉलेजात गेल्या, चार-पाच आपल्याच बी.कॉम.ला आल्या, काही घरीच राहिल्या. आणि तुम्ही मला प्राचार्यसाहेब म्हणायला लागलात. आधी नुसतं रागावल्यावर म्हणायचात, आता रोज. दाजींच्या मळ्यातली वांगी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटली जायची, माझा वाटा शिपायाच्या हातून माझ्या खोलीत यायचा. वाटा कधी चुकवला नाहीत. पण स्वतः आणून दिला नाहीत. सात महिने असे गेले. मी म्हणायचो, संक्रांत होऊ दे, मग बोलू. संक्रांतीला तुम्ही तिळगूळही पाठवूनच दिलात.

शेवटचं बोलणं काय, तर, "प्राचार्यसाहेब, सेकंड इयरचा पोर्शन मी शुक्रवारी संपवते." गुरुवारी पहाटे तुमच्या डोक्यात रक्तस्राव झाला. दाजी तुम्हाला नागपूरला घेऊन निघाले आणि पैनगंगेच्या पुलाच्या थोडं पुढं सगळं संपलं. दाजी सांगत होते, पुलावर तुम्ही डोळे उघडले होते. काही बोललात का, हे विचारायचं धाडस मला अजून झालं नाही.

शुक्रवारी मी तुमच्या वर्गावर गेलो. पोरी उभ्या राहिल्या. शेवटचं प्रकरण कोणतं राहिलं होतं, ते मला माहीत नव्हतं. मी "बसा" म्हटलं आणि बाहेर आलो.

आता जे सांगतो त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. मागच्या सोमवारी शोकप्रस्तावाचं पत्र दाजींना पाठवायचं होतं. नरसय्या जावक रजिस्टर घेऊन माझ्यासमोर बसला. नंबर टाकता टाकता त्यानं मागची पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून थांबला. तुम्हाला माहीत आहे, तो तेलुगू माणूस, पण मराठी आपल्यासारखीच बोलतो.

"सर, मॅडमनं हे पान पाह्यलं होतं."

"कोणतं पान?"

"हे विद्यापीठाचं. बी.ए. बंदचं. मंगळवारी सकाळी बसच्या आधी आल्या होत्या. रजिस्टर दे म्हनाल्या, म्या देलं. वाचलं, परत देलं."

"काय म्हणाल्या?"

"काईच नाई. बस किती वाजता हाय म्हनून इचारलं."

मी त्याला जायला सांगितलं. मग उठलो, बसलो, परत उठलो. तेव्हापासून असाच आहे.

म्हणजे तुम्ही माझ्या दारात "निघते, सर" म्हणायला आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी "जपून" म्हटलं तेव्हा माहीत होतं. पत्र गेलं आहे हे माहीत असून तुम्ही वीस दिवस त्या उन्हात दारोदार फिरलात. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलात तेव्हा तुम्ही भांडणाचे शब्द शोधत नव्हता. मला वेळ देत होतात. मी पत्र मागं घेतो म्हणावं, म्हणून. सतरा चेहरे समोर ठेवले तर हा माणूस एक ओळ लिहील, असं तुम्हाला वाटलं होतं. ताई, तुम्ही माझ्याबद्दल असं कसं काय वाटून घेतलंत? कोणत्या जोरावर? मला याचा राग येतो. खरंच येतो. तुम्ही मला तोंडावर खोटारडा म्हटलं असतंत तर मी कदाचित त्याच दिवशी तुमच्या पाया पडून पत्र फाडलं असतं. की हे पण मी आता, सोयीनं म्हणतोय? तुम्ही असता तर सांगितलं असतंत.

बुधवारी मी अध्यक्षांकडं गेलो. पुढच्या वर्षीचे वर्ग कळवायची वेळ हीच आहे. मी म्हटलं, इतिहास-मराठी परत सुरू करायचं.

ते वाईट माणूस नाहीत, तुम्हीही तसं कधी म्हटलं नाही. तुमच्या तेरवीला ते शेवटपर्यंत बसून होते. म्हणाले, "सर, बाईचं दुख आमाले बी हाय. पन तुमी समजून नाई राह्यले. त्या होत्या म्हनून पोरी येत होत्या. आता कोनाच्या भरोशावर?"

"माझ्या."

"तुमच्या?" ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "पंधरा नाई आल्या तर?"

"तर मी प्राचार्यपद सोडतो. लिहून देतो."

"द्या मंग."

मी तिथंच राजीनाम्याची दरखास्त लिहिली. सही करून त्यांच्या हातात दिली. तुम्ही म्हणाला असता की शूरपणा दाखवायला चुकीची वेळ निवडली. हो, चुकीचीच. पण आता माझ्याकडं दुसरी नाही.

आणि काल मी जैनथच्या बसमध्ये बसलो. अर्चनाचं गाव मला माहीत होतं. तिच्या फोटोकडं पाहत मी खोटं बोललो होतो, म्हणून आधी तिच्याकडंच. घरी कोणी नव्हतं, शेजाऱ्यांनी शेत दाखवलं. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बाजूला ज्वारी उभी. तिचे वडील किसनराव बांधावर आले, मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर त्यांनी दुपट्ट्यानं बांधावरचा दगड पुसला आणि बसायला सांगितलं. अर्चना कापसानं भरलेली ओटी सांभाळत थोड्या अंतरावर उभी राहिली.

तुमच्या जाण्याची बातमी त्यांना होती. मी वर्ग परत सुरू करायचं सांगितलं. आणि मग, तिथंच, सांगून टाकलं. "मागच्या वर्षी मॅडमला उशीर झाला नव्हता. मीच आधी पत्र पाठवून दिलं होतं. मॅडमला सांगितलं नव्हतं."

किसनरावांनी मान हलवली. त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

"मॅडम दुसऱ्यांदा आल्या तवा म्हनाल्या, यंदा नाई होत. म्या इचारलं, काऊन? त्याईनं तुमचं काईच वाईट नाई सांगतलं. म्हनाल्या, 'आमच्या सरले थोडा टाइम लागते. पन येतीन ते. एक साल थांबा, पोरीचं लगन नका लावू.'" मग शेताकडं पाहत ते म्हणाले, "दोन ठिकानचे पाव्हने परत केले म्या."

ताई, थोडा टाइम म्हणालात तुम्ही. तुमच्या हयातीत पुरला नाही तो.

किसनराव पाणी आणायला गेले. अर्चनानं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला, हात झटकले, आणि जवळ येऊन पहिल्यांदाच बोलली.

"सर, मंग इतिहास कोन शिकवन?"

आणि मी, काही विचार करायच्या आत, वीस वर्षांच्या सवयीनं म्हणालो, "सुमन मॅडम."

ती माझ्याकडं पाहत राहिली. तिनं मला दुरुस्त केलं नाही.